पाण्यातून दगड घडवणारे

गडहिंग्लज परिसरात गुऱ्हाळावर उसाचा रस साफ करायला चुन्याची निवळी घालण्याची रीत जुनी. तीच निवळी, ‘काल्कवासर’ असं भारदस्त जर्मन नाव लावून, जगभरचे हौशी लोक खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये थेंबथेंब सोडतात. प्रवाळाला घर बांधायला त्यातून माल मिळतो.

प्रवाळ हा खरं तर मऊ, चिमुकला प्राणी. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट उचलून तो आपल्या बुडाखाली ॲरगोनाइट या खनिजाचे थर रचत जातो. पण मोठं नवल वेगळंच आहे. उष्ण समुद्राच्या वरच्या पाण्यात हे खनिज मावेल त्याच्या तीन-चार पट भरलेलं असतं. हिशेबाने ते आपोआप तळाशी बसायला हवं. बसत नाही, कारण त्याच पाण्यात लिटरमागे सुमारे 1300 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं. स्फटिक धरू लागला की ते त्याच्या अंगाला चिकटतं आणि वाढ अडवतं. टँकमध्ये मॅग्नेशियम घटलं, तर ओतलेलं कॅल्शियम प्रवाळाच्या वाट्याला येण्याआधीच हीटरवर आणि पंपावर पांढरं कवच धरून बसतं.

समुद्रात कॅल्शियम येतं कुठून? बरंचसं नद्यांनी नेलेलं. गडहिंग्लजची हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते. अरबी समुद्र तिथून घाट उतरला की जवळच. पण ही बाई पाठ फिरवून पूर्वेला निघते, घटप्रभेला मिळते, तिच्यासोबत कृष्णेला, आणि थेट बंगालच्या उपसागरात. पावसाच्या थेंबात हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरलेला असतो. तो सह्याद्रीच्या काळ्या कातळाला सावकाश कुरतडतो आणि सुटलेलं कॅल्शियम बायकार्बोनेटसह वाहून जातं. प्रवाळाला लागणारा दोन्ही माल गडहिंग्लजच्या पुलाखालून रोज जातोच आहे, फक्त फार पातळ.

तरी नदीचं किंवा बोअरचं पाणी टँकला घालू नये. खतांतून उतरलेल्या नायट्रेट-फॉस्फेटवर शेवाळ माजतं, आणि तांब्याचा किंचित अंशही कोळंबी-गोगलगायींच्या जिवावर उठतो. आरओच्या पुढे डीआय रेझिन लावून टीडीएस शून्यावर आणायचा, मग समुद्री मीठ मिसळून क्षारता हजारी 35 करायची. चांगल्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम, स्ट्राँशियम, आयोडीन सगळं आधीच असतं. म्हणजे नव्या टँकची पुरवणी त्या मिठाच्या डब्यातच आली! पहिले चार-सहा आठवडे तर टँकमध्ये फक्त बॅक्टेरियांचं राज्य; अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करण्यात ते गुंतलेले असतात. त्यांना दुकानातली रंगीत बाटली नको असते. ती विकत घ्यायची घाई आपल्यालाच. मश्रूम, झोअँथिड असे मऊ प्रवाळ दगडी सांगाडा बांधतच नाहीत, त्यामुळे आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदललं तरी त्यांचं सहसा भागतं.

मालवणला गेल्यावर खडकावरचा एखादा तुकडा उचलून आणू, असा विचारही करू नका. तिथलं सागरी अभयारण्य 1987 पासूनचं, आणि दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला.

पाण्यातला माल संपतोय हे ओळखायचं कसं? टँकमध्ये दगडी प्रवाळ नसले तरी खडकावरचं गुलाबी कोरलाइन शेवाळ तोच माल खातं. म्हणून आधी अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेटचा साठा, मोजावी, कॅल्शियम नंतर. अल्कलिनिटी तिच्या मापाने एक डीकेएच उतरते तेव्हा कॅल्शियम लिटरमागे जेमतेम 7 मिलिग्रॅमने घटतं. 420 मधून 7 गेले तर घरगुती किटला पत्ता लागत नाही; 8 मधला एक गेला तर लगेच दिसतो. तो एक भरून काढायला 100 लिटरला सुमारे 3 ग्रॅम खायचा सोडा पुरतो. निवळी दोन्ही माल नेमक्या लागणाऱ्या प्रमाणात देते, पण तिचा पीएच 12.4 च्या घरात असतो. म्हणून शुद्ध चुना घ्यायचा, वरचं नितळ पाणीच वापरायचं आणि वाफ होऊन गेलेल्या पाण्याच्या जागी ते रात्रभर ठिबकवायचं. दिवे मालवले की टँकचा पीएच उतरतोच, तेवढा तो सावरला जातो.