काळ्या द्रावाचें ज्वलन आणि शेताचा पालाश

सोलापूर जिल्ह्यांत ऊसगाळपाबरोबर मळीपासून मद्यार्क काढण्याचा धंदाही वाढला आहे. एक लिटर मद्यार्कामागें साधारणतः आठ ते पंधरा लिटर काळसर, आम्ल व उग्र वासाचें सांडपाणी निघतें. त्यास स्पेंटवॉश म्हणतात. तें ओढ्यांत शिरल्यास पाण्यांतील प्राणवायु नाहींसा होऊन मासे मरतात आणि कांठच्या विहिरी बिघडतात. म्हणून तें आटवून बॉयलरांत जाळण्याची रीत कांहीं कारखान्यांनीं धरली आहे.

कागदाच्या कारखान्यांत ही युक्ति जुनी आहे. बल्लारपूरसारख्या ठिकाणीं बांबू व लांकूड क्षारांत शिजवून लगदा काढला, कीं काळा द्राव उरतो. त्यांत घनपदार्थ शेंकडा १५ च्या सुमारास असतात. तो आटवून हें प्रमाण ६५ च्या वर नेतात व भट्टींत फवारतात. थेंब प्रथम सुकतो, मग फुगून त्यांतील वायु पेट घेतात; शेवटीं कोळसा जळतो व वितळलेला क्षार तळाशीं वाहतो. वाफ मिळते ती मिळतेच, शिवाय सोडाही पुन्हां हातीं येतो.

मळीच्या सांडपाण्याची गोष्ट थोडी निराळी. घनपदार्थ शेंकडा ५५ ते ६० होईपर्यंत आटविलें, तरी जोडीस बगॅस किंवा कोळसा लागतो. त्यांत सोड्यापेक्षां पालाश फार. अशी राख कमी उष्णतेंतच मऊ होऊन नळ्यांस चिकटते. म्हणून बॉयलर वरचेवर साफ करावा लागतो.

शेतकऱ्यानें लक्ष द्यावें तें या राखेकडे. तींतील पालाश उसानें आपल्याच जमिनींतून उचललेला असतो. पालाश परदेशांतून आणणाऱ्या आपल्या देशानें तो फुकट घालविणें बरें नव्हे. मळीजन्य पालाश खतांत किमान १४.५ टक्के पालाश असावा, असें प्रमाण ठरलेलें असून, ऑक्टोबर २०२१ पासून केंद्र सरकारनें या खतास अनुदान लागू केलें.

तथापि दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. ज्वलनांत नत्र व सेंद्रिय द्रव्य नष्ट होतें. प्रेसमडबरोबर कुजवून केलेल्या खतांत त्यांचा बराच अंश राहतो. दुसरें असें कीं, आपल्या भारी काळ्या जमिनींत पालाश बहुधा पुरेसा असतो, आणि राखेंत इतर क्षारही असतात. तेव्हां माती तपासल्यावांचून, विशेषतः चोपण जमिनींत, ती टाकूं नये.

सभासदांनीं वार्षिक सभेंत साखरेच्या उताऱ्याबरोबर या राखेचाही हिशेब विचारावा. जमिनीचें धन जमिनीस परत मिळावें, हें मागणें रास्तच आहे.