दांतेची रिकामी कबर

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे ही लेखी आवृत्ती. बोलताना अडखळलेली वाक्यं सरळ केली आहेत, बाकी गप्पा तशाच.

इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये सांता क्रोचे नावाचं मोठं चर्च आहे. मायकेलअँजेलो, गॅलिलिओ, माकियावेली अशी बडी मंडळी तिथे विसावली आहेत. त्यांच्याच सोबतीला दांते अलिगिएरीचं भलंमोठं संगमरवरी स्मारक आहे. दांते म्हणजे इटालियन भाषेचा सगळ्यात मोठा कवी, 'डिव्हाइन कॉमेडी'वाला. स्मारक भव्य आहे, पण आत कुणीच नाही. दांते तिथे नाहीच! तो आहे आपेनाइन डोंगरांच्या पलीकडे, रावेन्नात. आणि फ्लॉरेन्सला तो परत मिळत नाही, कारण फ्लॉरेन्सनेच त्याला हाकललं होतं.

झालं काय, ते बघू. दांतेचा जन्म १२६५ चा. त्या काळी फ्लॉरेन्स हे स्वतःचा कारभार स्वतः करणारं, पैसेवाल्या व्यापाऱ्यांचं शहर होतं. आणि भांडकुदळ! सत्तेवरचा ग्वेल्फ पक्ष फुटून त्याचे 'पांढरे' आणि 'काळे' असे दोन गट झाले. पोपने शहरात नाक खुपसू नये असं म्हणणारे पांढरे, आणि पोपच्या बाजूचे काळे. दांते पांढऱ्यांकडचा. १३०० च्या उन्हाळ्यात तो दोन महिन्यांसाठी शहराच्या सहा मुख्य कारभाऱ्यांपैकी एक झाला. त्याच काळात या कारभाऱ्यांनी एक कडक निर्णय घेतला: भांडणं थांबावीत म्हणून दोन्ही गटांच्या म्होरक्यांना शहराबाहेर काढायचं.

त्या यादीत एक नाव होतं गुइदो काव्हाल्कांती. स्वतः उत्तम कवी, आणि दांतेचा जिवलग. दांते आपल्या पहिल्या पुस्तकात, 'व्हीता नुओव्हा'मध्ये, त्याला पहिला मित्र म्हणतो. गुइदो बाहेर गेला, तिकडे आजारी पडला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारला. म्हणजे ज्या माणसाला आपण जगातला सगळ्यात प्रसिद्ध हद्दपार कवी म्हणतो, त्याचा स्वतःचा हात आधी मित्राच्या हद्दपारीला लागलेला होता. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

मग पाळी दांतेची. १३०१ च्या शेवटी तो शहराचा दूत म्हणून रोमला पोप बोनिफेस आठवा याच्याकडे गेलेला असताना मागे काळ्यांनी सत्ता घेतली. जानेवारी १३०२ मध्ये निकाल लागला: पदाचा गैरवापर केला, पैसे खाल्ले, सबब ५,००० फ्लोरिन दंड, दोन वर्षं हद्दपारी, आणि पुन्हा कधी पद नाही. दांते हजर झाला नाही. मार्चमध्ये शिक्षा वाढली: सापडला तर जिवंत जाळा. वय ३६. बायको जेम्मा शहरातच राहिली. तीही दोनाती घराण्यातली, म्हणजे काळ्यांचा पुढारी कोर्सो दोनाती ज्या घराण्यातला, त्यातलीच. दांतेने फ्लॉरेन्सचं तोंड पुन्हा पाहिलं नाही.

पुढची सुमारे वीस वर्षं तो या सरदाराकडे, त्या सरदाराकडे, असा आश्रिताचं जिणं जगला. आणि त्याच काळात त्याने 'कॉमेडी' लिहिली. नुसती 'कॉमेडी' बरं का, 'डिव्हाइन' हे विशेषण नंतरच्या लोकांनी चिकटवलं. नरक, शुद्धिलोक, स्वर्ग असे तीन भाग, १०० सर्ग, १४,२३३ ओळी. शाळेत 'नरकाचं वर्णन करणारा कवी' एवढंच कळतं, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे मजाच जाते. कारण त्या नरकात राक्षसांपेक्षा ओळखीचे लोक जास्त आहेत. शेजारी, पुढारी, बँकवाले, पोप. गोष्ट १३०० च्या ईस्टरमध्ये घडते असं त्याने ठरवलंय, पण लिहितोय कितीतरी वर्षांनी. त्यामुळे १३०० नंतर जे घडलं, ते त्याला भविष्यवाणी म्हणून सांगता येतं! बोनिफेस तेव्हा जिवंत. मग नरकात कसा टाकायचा? दांतेने शक्कल काढली: तिथे उलटा पुरलेला आधीचा एक पोप दांतेचं बोलणं ऐकून त्यालाच बोनिफेस समजतो, आणि हा ठरल्या वेळेआधी कसा आला म्हणून चकित होतो. जागा आधीच बुक झालेली.

आता गुइदोकडे या. दहाव्या सर्गात जळत्या कबरींमधून गुइदोचा बाप डोकं वर काढतो. पोरगा बरोबर आहे का म्हणून आजूबाजूला बघतो, आणि विचारतो, माझा मुलगा तुझ्यासोबत का नाही? दांते उत्तर देताना गुइदोबद्दल भूतकाळी क्रियापद वापरतो. बस, एवढंच. बाप हादरतो: म्हणजे तो आता जिवंत नाही? दांते गप्प राहतो, आणि ती शांतता ऐकून म्हातारा मागे कोसळतो. गोष्टीतल्या तारखेला गुइदो जिवंत आहे. दांते नंतर तसा निरोपही ठेवतो. पण लिहिणाऱ्या दांतेला माहीत होतं की ऑगस्ट येणार आहे, आणि ऑगस्टला कोण कारणीभूत होतं तेही. मी हा प्रसंग जितक्या वेळा वाचतो, तितक्या वेळा त्या गप्प बसण्यापाशी थांबतो. यात दांते माफी मागतोय का? अभ्यासक वेगवेगळं सांगतात. मला तरी वाटतं, मागतोय.

हे सगळं त्याने लॅटिनमध्ये लिहिलं नाही. विद्वानांची भाषा लॅटिन, पण 'कॉमेडी' आहे फ्लॉरेन्सच्या बोलीत, जी बाजारात आणि स्वयंपाकघरात चालायची. बोलोन्याच्या एका प्राध्यापकाने त्याला पत्र लिहून कळवळून सांगितलं की असला मोठा विषय लॅटिनमध्ये लिही. दांतेने नकार दिला, तोही झकास लॅटिन कवितेत. ज्या शहरात पाऊल ठेवलं तर जाळतील, त्याचीच भाषा त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. आजची प्रमाण इटालियन मुख्यतः याच तोस्कानाच्या बोलीतून आली आहे.

१३१५ मध्ये परत यायची संधी आली होती. थोडा दंड भरा, चर्चमध्ये जाहीर प्रायश्चित्त घ्या, या. त्याने नाही म्हटलं. गुन्हाच केला नाही तर कबुली कसली? मग शहराने पुन्हा मृत्युदंड ठोठावला, या वेळी मुलांनाही. १३२१ च्या सप्टेंबरमध्ये तो रावेन्नात वारला.

आणि मग फ्लॉरेन्सला पश्चात्ताप. शहर वारंवार अस्थी मागू लागलं. १५१९ मध्ये तर पोप दहावा लिओ, म्हणजे फ्लॉरेन्सच्याच मेदिची घराण्यातला माणूस, याच्याकडे अर्ज गेला. कबर मी घडवतो म्हणून मायकेलअँजेलोने त्यावर सही केली. परवानगी मिळाली, माणसं रावेन्नाला गेली, कबर उघडली, तर आत जवळजवळ काहीच नाही! शेजारच्या मठातल्या फ्रान्सिस्कन साधूंनी भिंतीला भोक पाडून अस्थी आधीच पळवल्या होत्या. त्या पुढे एका लाकडी पेटीत होत्या. १८६५ मध्ये, नेमक्या सहाशेव्या जन्मवर्षी, बांधकाम करताना भिंतीत ती पेटी सापडली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीने अस्थी पुन्हा जमिनीत पुरल्या होत्या. एकंदरीत मेल्यावरही माणसाला फिरणं सुटलं नाही.

२००८ मध्ये फ्लॉरेन्सच्या नगर परिषदेने शिक्षा रद्द करण्याचा ठराव केला. तोही एकमताने नाही, विरोधात मतं पडली!

रावेन्नातल्या कबरीवर एक दिवा सतत तेवत असतो. त्याचं तेल दर वर्षी सप्टेंबरमध्ये फ्लॉरेन्सहून येतं.

पुढच्या भागात बोक्काचो. दांतेनंतर पन्नासेक वर्षांनी फ्लॉरेन्सने 'कॉमेडी'वर जाहीर व्याख्यानं द्यायला पगारावर नेमलेला माणूस हाच. चला, भेटूया.