भाडे वाढवण्याआधी विचारतात

विलायतेच्या उत्तरेला स्कॉटलंड देश आहे. तिथल्या कौन्सिलला आपल्या नगरपालिकेसारखी समजा. बऱ्याच कौन्सिलांची स्वतःची घरे असतात. ती लोकांना भाड्याने देतात. बहुधा दरवर्षी भाडे थोडे वाढते.

पण वाढवायचे तर आधी भाडेकरूंना विचारावे लागते. २००१ सालचा तसा कायदाच आहे. घरी पत्र येते, कुठे सभाही भरते. घरांचा जमाखर्च वेगळा ठेवलेला असतो. डागडुजी, कर्जाची फेड, सारे मुख्यतः भाड्यातूनच भागते. म्हणून कित्येक कौन्सिला विचारतात, "वाढ कमी हवी, की थोडी जास्त देऊन खिडक्या नव्या हव्यात?"

हे विचारणे नुसते तोंडदेखले का? तशी तक्रार करणारे असतातच. लोकांचे मत ध्यानात घ्यावे, असे कायदा सांगतो. तेच मानावे, असे सांगत नाही. शेवटी भाडे ठरवते कौन्सिलच. तरी एखादी एकटी म्हातारी मोजक्या पैशांत महिना काढत असेल, तर तिची अडचण कळवायची वेळ हीच. तिने कागद न वाचताच बाजूला ठेवला, तर सभासदांना ती कशी कळणार?

वाढ लागू होण्याआधी निदान चार आठवडे नोटीस येते. त्या कागदावर प्रश्न नसतो, नवा आकडा असतो.