राजवाड्यातली रंगशाळा
दशावतारी गंजिफा या पत्त्यांच्या खेळाच्या संचात १२० गोल पानं असतात. दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पानं, सगळी हातानं रंगवलेली. छापील पत्ते आले आणि हा खेळ मागे पडला. १९७०च्या दशकात सावंतवाडीत ही कला वयोवृद्ध पुंडलिक चितारींच्या हातात उरली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि बडोद्याच्या गायकवाड घराण्यातल्या सत्त्वशीलादेवी या दांपत्यानं त्यांच्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच स्थानिक तरुणांना काम दिलं. नुसत्या देणगीपेक्षा हे कितीतरी मोलाचं! सत्त्वशीलादेवी २०१८मध्ये गेल्या. काम सुरू आहे. सावंतवाडीला गेलात तर दरबार हॉलमध्ये कारागिरांचं काम पाहा, आणि जमल्यास एक संच विकत घ्या.