रक्त नाही तिथे औषधही नाही

सिकलसेल असलेल्या पोराचे हाड दुखले की कधी ‘पाणी भरपूर पाजा, गोळी द्या’ म्हणून घरी पाठवतात, तर कधी तडक भरती करून घेतात. असे का, असे देवरीच्या एका वाचकाने विचारले आहे.

कारण दोन दुखणी एकाच रूपात येतात. विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी हाडातल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढचा तुकडा रक्ताविना मरतो. बहुतेकदा गोष्ट इथेच थांबते. पण त्या तुकड्यात जंतूंनी घर केले, की हाडात पू होतो. ताप, सूज, ठणका दोन्हींत. एक्स-रे पहिले दहा-बारा दिवस मुकाच असतो, एमआरआयही कधी गोंधळतो. खात्री होते ती रक्ताच्या कल्चरने किंवा सुईने पू काढून तपासल्यावर.

जंतूही अजबच. एरवी हाडात स्टॅफिलोकॉकस सापडतो. सिकलसेलमध्ये अनेकदा टायफॉइडच्या कुळातला साल्मोनेला. आतड्याच्या अस्तराला रक्त कमी पडते, तिथून तो निसटतो आणि त्याला गाळणारी प्लीहा आधीच थकलेली असते. अमेरिकी डॉक्टरांनी १९५७ मध्ये हे नाते ठळकपणे मांडले. पुढच्याच वर्षी नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये छापली! २०२३ मध्ये शहडोलहून राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू झाले, तेव्हा या जोडीची आठवण कितीजणांना झाली असेल?

आता उपचार. बांधीचा पाट बुजला की पाणी पोचत नाही, तसे पाण्यातून सोडलेले खतही पोचत नाही. अँटिबायोटिकही रक्तातूनच जाते, म्हणून मेलेल्या हाडात ते पोचतच नाही. जंतू लागलेला असा मेलेला तुकडा बरेचदा शस्त्रक्रियेने काढावा लागतो आणि औषध चार ते सहा आठवडे चालते.

एवढे दिवस सलाइन लावून पडून राहायचे का? ऐन रोवणीत कोण राहणार! हाडा-सांध्यांत जंतू झालेल्या ब्रिटनमधल्या १,०५४ रुग्णांच्या अभ्यासात (२०१९) पहिल्या आठवड्यातच गोळ्यांवर आणलेल्यांपैकी १३.२ टक्क्यांचा उपचार फसला, शिरेतून औषध घेणाऱ्यांपैकी १४.६ टक्क्यांचा. म्हणजे गोळी कमी पडली नाही. पण ते रुग्ण प्रौढ होते, त्यामुळे सिकलसेलच्या लेकरांना हा निकाल डोळे मिटून लावता येणार नाही. शिवाय योग्य गोळी निवडायला जंतू कोणता हे कळावे लागते, आणि त्यासाठी अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी कल्चरचे रक्त घेतलेले बरे. गावात आधीच दोन-तीन इंजेक्शने टोचून झाली असतील, तर कल्चर बरेचदा कोरेच येते.