ब्रेकचं पेडल मऊ का पडतं?

स्पोर्ट्स कारने घाट वेगात उतरताना कधीकधी ब्रेकचं पेडल मऊ लागतं, खोल जातं. पायाचा दाब चाकापर्यंत पोचवतं ते ब्रेक ऑइल. ब्रेक फार तापून ते उकळलं की त्यात वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते; तोंड बंद केलेल्या सिरिंजमध्ये आधी पाणी, मग हवा भरून दट्ट्या दाबून पाहा. नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ प्रतीचं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेलं १५५ च्या आसपासही उकळू शकतं. म्हणजे भारी ऑइलपेक्षा ताजं ऑइल मोलाचं! ऑइलला उष्णता नको, रेसिंगच्या ब्रेक पॅडचं उलटंच. ते तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत; सकाळच्या पहिल्या सिग्नलला ते काय कामाचे? थंड असतानाही पकडणारे पॅड घ्या. आणि ऑइलबद्दल शेवटचं: डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ मध्ये कधीही मिसळू नका.