पलटण ते तालुका लोकल बोर्ड : गोपाळबाबा वलंगकर आणि महार पेन्शनरांची पिढी

१८९५ साली कुलाबा जिल्ह्यातील महाड तालुका लोकल बोर्डावर गोपाळबाबा वलंगकर यांची सभासद म्हणून नेमणूक झाली. तालुका बोर्ड म्हणजे काही मोठे सत्तास्थान नव्हे. रस्ते, विहिरी, प्राथमिक शाळा, धर्मार्थ दवाखाने आणि देवी काढण्याची व्यवस्था एवढाच त्याचा व्याप. उत्पन्न मुख्यतः जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा या दराने बसविलेल्या लोकल फंडाचे. तरीही या नेमणुकीने बोर्डातील उच्चवर्णीय सभासद नाराज झाले आणि वृत्तपत्रांतून त्यावर बराच वाद माजला. नवे सभासद महार होते, हे त्याचे कारण. ते १८८६ साली लष्करातून निवृत्त झालेले शिपाईपेशाचे गृहस्थ होते, ही गोष्ट त्या वादात दुय्यम ठरली. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र तीच महत्त्वाची आहे.

लष्करी पराक्रमातून आत्मप्रत्यय आला आणि आत्मप्रत्ययातून चळवळ जन्मली, अशी या प्रकरणाची मीमांसा सामान्यतः केली जाते. ती खोटी नाही. पण अपुरी आहे. मुंबई इलाख्याच्या फौजेत महारांची भरती कंपनीच्या अमदानीपासून होत होती. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचे स्मारक म्हणून उभारलेल्या स्तंभावर ‘नाक’ हे पद अंती असलेली नावे कोरलेली आहेत, ती त्याची साक्ष होत. पराक्रमच पुरेसा असता, तर सार्वजनिक जीवनातील पहिले महार सभासद १८९५ च्या कितीतरी आधी दिसावयास हवे होते. तसे ते दिसत नाहीत. पलटणीत सुभेदार म्हणून सलाम घेणारा मनुष्य गावी परतला की पुन्हा वतनी महार होई. वेसकरकी, सांगावा पोहोचविणे, सरकारी कामगारांचा सरंजाम वाहणे ही कामे त्याच्या घराण्याकडे असत आणि बलुत्याच्या रूपाने गावच त्याला पोशीत असे. जो गावच्या हातचे खातो त्याला गावापुढे फार बोलता येत नाही.

हे बंधन सैल झाले ते निवृत्तिवेतनामुळे. पेन्शन सरकारी खजिन्यातून मिळे. तिच्यासाठी पाटलाच्या किंवा खोताच्या दारात उभे राहावे लागत नसे. म्हणूनच कित्येक पेन्शनरांनी मूळ गावी न जाता छावणीच्या ठिकाणी घरे केली. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली हे त्यांतले प्रमुख ठिकाण. १८१८ नंतर ब्रिटिशांनी तेथे दक्षिण कोकणचे लष्करी ठाणे वसविले. पुढे नियमित फौज तेथून हलविण्यात आली, तरी ‘कॅम्प’ हे नाव टिकले आणि निवृत्त शिपायांची वस्तीही टिकली. महाडजवळच्या रावढळचे वलंगकर निवृत्तीनंतर दापोलीसच राहिले. सुभेदार रामजी सकपाळ यांनीही निवृत्तीनंतर प्रथम दापोलीच गाठली, आणि नंतर ते साताऱ्यास गेले.

दुसरे साधन साक्षरतेचे. गावच्या शाळेत अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलास प्रवेश नसे. पलटणीत मात्र शिपाई व त्यांची मुले यांच्यासाठी शाळा चालत. रामजी सकपाळ हे स्वतः लष्करी शाळेत अनेक वर्षे मुख्याध्यापक होते. अशा शाळांतून तयार झालेला मनुष्य केवळ वाचणारा नव्हे, तर कागदाचा व्यवहार जाणणारा असे. अर्ज कोणत्या अधिकाऱ्याकडे करावा, त्याने नाकारल्यास वर कोणाकडे दाद मागावी, कोणत्या हुकुमाचा हवाला द्यावा, हे ज्ञान त्याला पलटणीच्या कचेरीने दिले. तलवारीपेक्षा या कागदी शिस्तीनेच पेन्शनरांच्या पिढीला राजकारणाच्या उंबरठ्यावर आणले, असे म्हणण्यास पुष्कळ आधार आहे.

वलंगकरांचे सारे कार्य लेखणीचे आहे. जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल प्रभाव होता. १८८८ साली त्यांचे ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध झाले. ‘दीनबंधू’ आणि ‘सुधारक’ या पत्रांतून ते लिहीत. उच्चवर्णीयांना उद्देशून काढलेल्या विनंतीपत्रात त्यांनी अस्पृश्यतेला शास्त्राधार कोणता, असे प्रश्न विचारले. त्या प्रश्नांची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. प्रतिपक्षाकडे दया न मागता त्याच्याकडून खुलासा मागावयाचा, आणि खुलासा न आल्यास तो नाही अशी नोंद करावयाची. कचेरीच्या पत्रव्यवहारात मुरलेल्या माणसाचीच ही रीत. त्यांनी स्थापिलेल्या मंडळीचे नावही अर्थपूर्ण होते : अनार्य दोष परिहार मंडळी.

या घडामोडी चालू असतानाच ज्या वाटेने ही पिढी आली ती वाट बंद झाली. हिंदुस्थानच्या सैन्याचे सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात (१८८५ ते १८९३) ‘लढाऊ जाती’चा सिद्धान्त बळावला, आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती थांबविण्यात आली. या निर्णयाचा परिणाम नोकऱ्या गेल्या एवढ्यापुरता मर्यादित नव्हता. भरती नाही म्हणजे पुढच्या पिढीला पेन्शन नाही. पेन्शन नाही म्हणजे वतनाकडे परतणे आले. आणि पलटण नाही म्हणजे पलटणीची शाळाही नाही. दापोलीतील महार पेन्शनरांनी नगरपालिकेच्या शाळेत आपल्या मुलांना प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केले ते याच दशकाच्या आरंभी. फार खटपटीनंतर मुलांना जागा मिळाली, पण ती शाळेच्या पडवीत. ज्यांचे वडील पलटणीच्या शाळेत इतरांबरोबर बसून शिकले, त्यांची मुले पडवीत बसली. या मागणीकडे केवळ शैक्षणिक सुधारणा म्हणून पाहिले तर तिची निकड ध्यानात येणार नाही.

भरतीबंदीविरुद्ध १८९४ साली वलंगकरांच्या पुढाकाराने अर्जाचा मसुदा तयार झाला. महार हे मूळचे क्षत्रिय होत, आणि त्यांनी सरकारची इमानाने चाकरी केली आहे, अशी त्यातील मांडणी होती. स्वतःस अनार्य म्हणविणाऱ्या मंडळीने क्षत्रियत्वाचा दावा करावा, यात काहींना विसंगती दिसते. पण फुल्यांच्या ‘गुलामगिरी’त (१८७३) क्षत्रिय म्हणजे या क्षेत्राचे मूळ रहिवासी, आर्यांशी झुंजलेले लोक, आणि ‘महार’ हा शब्द त्यांनी ‘महाअरी’वरून व्युत्पादिला आहे. व्युत्पत्ती भाषाशास्त्राला मान्य होण्यासारखी नाही, हे खरे. तथापि ती स्वीकारणाऱ्याच्या मनात अनार्य आणि क्षत्रिय ही दोन्ही पदे एकत्र नांदत होती, एवढे ध्यानात घेतल्यास विसंगती उरत नाही. लष्करी अधिकाऱ्यांना अर्थातच यांपैकी कशाशीच कर्तव्य नव्हते.

आता १८९५ च्या नेमणुकीकडे पुन्हा वळणे सोपे जाईल. रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई सरकारने १८८४ साली लोकल बोर्डांचा कायदा केला. त्यान्वये सभासद काही निवडलेले व काही सरकारनियुक्त असत. मतदानाचा अधिकार मालमत्ता, जमीनमहसूल व तत्सम पात्रतेवर अवलंबून होता. महार वतनदाराला तो मिळणे जवळजवळ अशक्य, आणि मिळालाच तरी त्याला मते कोण देणार? म्हणजे निवडणुकीचे दार बंद होते व नेमणुकीचे तेवढे उघडे होते. आणि नेमावयाचे तर सरकारला ओळखीचा, लिहितावाचता, सरकारी शिस्तीतला माणूस हवा होता. निवृत्त शिपायाइतका सोयीचा उमेदवार दुसरा कोण मिळणार?

या जागेची मर्यादा त्यातच होती. नियुक्त सभासदाच्या पाठीशी मतदारसंघ नसे; विहिरीचा किंवा शाळेचा प्रश्न काढला तरी बहुमत विरुद्धच जावयाचे. पण विरोधकांचा राग पाहता त्यांना भय मतांचे नव्हते, हे उघड आहे. तालुक्याच्या कामासाठी एका बैठकीत महारासह बसावे लागणे, त्याचे नाव कार्यवृत्तात इतरांच्या ओळीत येणे, हे पलटणीत दोन पिढ्या चाललेले असले तरी तालुक्यात नवे होते. वलंगकरांचे निधन १९०० साली झाले. महायुद्धाच्या गरजेपोटी १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली आणि १९२१ पर्यंत मोडण्यातही आली. महार रेजिमेंट अस्तित्वात यावयास १९४१ साल उजाडावे लागले.

मधल्या काळात प्रश्न पुन्हा महाडातच उभा राहिला. मात्र या वेळी तालुका बोर्डात नव्हे, तर नगरपालिकेत. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याविषयी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली संमत झाला, आणि महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. १९२७ च्या फेब्रुवारीत रामजी सुभेदारांचे पुत्र डॉ. आंबेडकर विधिमंडळावर आले, तेही नियुक्त सभासद म्हणूनच. २० मार्च रोजी परिषदेतील लोक त्यांच्यासह तळ्यावर गेले. परिषदेस जमलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले शिपाई व अंमलदारही होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुढचा निवाडा न्यायालयात झाला आणि तो १९३७ साली लागला. तळ्याचा वाद कोर्टात चालविण्यासाठी जी कागदपत्रांची चिकाटी लागली, तिचा आरंभ दापोलीच्या पेन्शनरांच्या अर्जांत शोधणे चुकीचे ठरणार नाही.